आरूझच्या घळीतून: न्वारेग ते बूद्री

स्वित्झर्लंडला येणारी आपली बहुतेक मंडळी युंगफ्राऊ, टिटलिस, ल्युसर्न करून परत जातात. बर्फ बघायचा असतो, ते ठीकच आहे. पण त्यातला एक दिवस, जमलं तर दोन, पश्चिमेकडच्या ज्युरा डोंगरांसाठी राखून ठेवा, असं मी आता भेटेल त्याला सांगते. फ्रान्सच्या हद्दीला लागून, न्यूशातेल कॅन्टनमध्ये (कॅन्टन म्हणजे स्वित्झर्लंडमधलं राज्य) व्हाल-द-त्राव्हेर नावाचं खोरं आहे. कुरणं, गाई, छोटी गावं आणि मधून वाहणारी आरूझ नदी. खोरं संपतं तिथे ही नदी चुनखडीचा डोंगर चिरत न्यूशातेलच्या तलावाकडे उतरते. त्या चिरेतून, बराचसा वेळ पाण्याच्या अगदी कडेने, पायवाट जाते.

वाट दोन्ही बाजूंनी करता येते, पण सुरुवात वरून, न्वारेग गावातून करा. न्यूशातेलहून व्हाल-द-त्राव्हेरची गाडी धरली की वीस-पंचवीस मिनिटांत न्वारेग येतं. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७३० मीटरवर आहे आणि खालचं बूद्री ४७० मीटरच्या आसपास. म्हणजे उतार आपल्या बाजूने, आणि नदी सोबत. अंतर बारा किलोमीटरच्या जवळपास भरतं. पिवळ्या पाट्यांवर लिहिलेल्या वेळेत थांबणं धरलेलं नसतं, हे लक्षात असू द्या. सोबत आई-वडील किंवा मुलं असतील, तर पाटीवरच्या वेळेची सरळ दीडपट करा आणि वर जेवणाचा तास धरा.

पहिला टप्पा सपाट आहे, रुळांच्या आणि पाण्याच्या सोबतीने. इथे घाई करू नये म्हणावं, तर लोक इथेच सुसाट सुटतात, कारण सगळ्यांना तो प्रसिद्ध पूल गाठायचा असतो. सो-द-ब्रो. तो आहेच तसा. दोन्ही बाजूंचे कडे जवळ येतात, पायऱ्या सुरू होतात, पाण्याचा आवाज इतका वाढतो की शेजारच्याशी मोठ्याने बोलावं लागतं, आणि मग वळणावर एका कमानीचा छोटासा दगडी पूल दिसतो. कठड्याच्या दगडांवर शेवाळ इतकं दाट की हात टेकला की बोटांना गार पाणी लागतं. खाली नदी पायरी-पायरीने कोसळते. पूल अरुंद आहे आणि फोटोसाठी थांबणारे पुष्कळ, तेव्हा शनिवार-रविवार टाळा किंवा सकाळच्या पहिल्या गाड्यांपैकी एखादी धरा.

पुलाच्या पुढे कड्यांकडे नीट बघा. भाकऱ्यांची चवड रचावी तसे चुनखडीचे थर दिसतात, काही ठिकाणी आडवे, काही ठिकाणी चक्क वळलेले. सांदण किंवा सह्याद्रीतल्या नाळा पाहिलेल्या माणसाला फरक लगेच जाणवतो. आपला बसाल्ट पाणी अंगावरून वाहू देतो. चुनखडी ते पिऊन टाकते. त्यामुळे ज्युराच्या माथ्यावर ओढे-नाले फार कमी, आणि डोंगराच्या पायथ्याशी एकदम अख्खी नदी बाहेर पडते. आरूझ स्वतः अशीच खोऱ्याच्या वरच्या टोकाला, सँ-स्युल्पिसच्या कड्याखालून उगवते.

ही गोष्ट सगळ्यांत आधी पकडली ती माझ्या बाबांनी. त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. वाटेत जलविद्युत केंद्रं, बंधारे, कड्यालगतचे जाड नळ दिसायला लागले आणि ते थांबले ते थांबलेच. "अगं, एवढं पाणी उचलून नेतात तरी कुठे?" मी म्हटलं, "बाबा, तुम्ही बसा, वाचून सांगते." उत्तर मोठं सुंदर आहे. घड्याळांचं गाव ला-शो-द-फाँ हजार मीटर उंचीवर, त्याच कोरड्या माथ्यावर वसलेलं. नदी नाही, पावसाचं पाणी हौदांत साठवून लोक दिवस काढायचे. १८८७ साली गियोम रितेर या अभियंत्याच्या योजनेतून या घळीतलं पाणी सुमारे ५०० मीटर वर चढवून त्या गावाला पोचवलं गेलं, आणि ते वर ढकलणारे पंप चालले ते याच नदीच्या जोरावर. बाबांनी हे शांतपणे ऐकलं आणि मग त्या नळांचे इतके फोटो काढले की पूल मागे पडला. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर त्यांना इथे जरूर आणा.

शाँ-द-मुलँला घळ उघडते, मोकळं कुरण लागतं. जेवायला हीच जागा. दमलेल्यांना इथून गाडीने परत जाता येतं, पण स्टेशन बरंच वर चढावर आहे, ते गृहीत धरून ठरवा. अशा लहान स्टेशनांवर गाडी थांबवायला बटण दाबावं लागतं. पुढची खालची घळ वरच्याइतकी नाट्यमय नाही, झाडी मात्र दाट आणि माणसं कमी. मला ती जास्त आवडली. शेवटी द्राक्षमळे दिसले की बूद्री आलं. फ्रेंच राज्यक्रांतीतला पुढारी ज्याँ-पॉल मारा इथे १७४३ मध्ये जन्मला आणि चॉकलेटवाला फिलिप सुशार १७९७ मध्ये. मुलांना अर्थातच दुसऱ्याचंच कौतुक. परतीसाठी वरचं रेल्वे स्टेशन शोधत चढू नका, गावातूनच न्यूशातेलला जाणारी ट्राम सुटते.

बुटांबद्दल मी आग्रही आहे. ओली चुनखडी साबणासारखी निसरडी होते आणि ऑक्टोबरात तिच्यावर पानांचा थर बसतो. तळाला चांगली पकड हवीच. बाबागाडी अजिबात नको. नदीच्या पात्रात उतरण्याचे मोह टाळा: वर वीजकेंद्रं आहेत, आणि आकाश निरभ्र असतानाही पाणी अचानक वाढू शकतं. पाण्यापासून पळणाऱ्या माणसाच्या पाट्या त्यासाठीच लावलेल्या असतात. मुसळधार पावसानंतर किंवा थंडीत दरड आणि बर्फामुळे वाट बंद होऊ शकते. निघण्याआधी स्विसटोपो या सरकारी नकाशा संस्थेच्या अॅपवर बंद वाटा तपासा आणि नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. मे ते ऑक्टोबर हा चांगला काळ. भर उन्हाळ्यातही आत गारवा असतो, एक स्वेटर सोबत घ्या.

रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारीच सामान भरा. आम्ही दशम्या आणि चटणी नेली होती. शाकाहारी मंडळींनी एवढं जाणून असावं की इथल्या फाँद्यूमध्ये, म्हणजे वितळवलेल्या चीजमध्ये, पांढरी वाइन असते, बरेचदा किर्श ही चेरीची दारूही. न्यूशातेलमध्ये मुक्काम असेल तर हॉटेलकडून पर्यटक कार्ड मागून घ्या, त्यावर कॅन्टनमधल्या गाड्या फुकट मिळतात.

न्वारेगवरूनच क्रू-द्यु-व्हाँची चढाई सुरू होते. १६० मीटरचा सरळसोट, नालाच्या आकाराचा कडा. कोकणकडा पाहिलेल्यांनाही थबकायला लावील असा. पण तो आणि घळ एकाच दिवशी करू नका.

दुसरा दिवस असेल तर मोतिए गावातून पोएता-रेसची घळ चढा. ही अरुंद आहे, दगडी पायऱ्या आणि कठडे धरून वर जायचं, आणि अखेर एकदम माथ्यावरच्या कुरणात बाहेर पडायचं. गुडघे दुखणाऱ्यांनी खाली मोतिएतच थांबावं, वेळ छान जातो. तत्त्वज्ञ रूसो इथे १७६२ ते १७६५ राहिला आणि घरावर दगडफेक झाल्यावर गाव सोडून गेला. अॅब्सिंथचं संग्रहालयही इथेच, जुन्या न्यायालयाच्या इमारतीत. १९१० पासून २००५ पर्यंत या दारूवर देशभर बंदी होती आणि चोरून गाळणाऱ्यांचे खटले त्याच इमारतीत चालत. मुलं सोबत असतील तर त्याऐवजी त्राव्हेर गावाजवळची डांबराची खाण दाखवा. १९८६ पर्यंत ती चालू होती. आत वर्षभर ८ अंशांच्या आसपास तापमान असतं, तेव्हा तो स्वेटर तिथेही लागेल.