काळीची पिसं आणि शेजारच्या काकांचा रस्सा

दसरा झाला आणि चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी खुराडं उघडलं तर आत नुसता पिसांचा सडा. पहिला विचार काय येणार, मुंगूस! पण मोजल्या तर सहाच्या सहा हजर आणि रक्ताचा थेंब नाही कुठे. मग आमची काळी कोंबडी बाहेर आली, मानेवरची पिसं गायब, शेपटीत एकच पीस उरलेलं तेही तिरकं, आणि चालतेय अशी की जणू कोणी आपल्याकडे बघू नये 😅

आमच्या चिपळूणच्या घरी कोंबड्या येऊन दीडच वर्ष झालंय त्यामुळे मला यातलं काही माहीत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या "पिसं टाकतेय गं, दरवर्षी टाकतात". पण मला काही चैन पडेना, उवा झाल्या असतील म्हणून दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी शेपटीखालची पिसं बाजूला करून दाखवलं, उवा असत्या तर इथे पिसांच्या बुडाशी लिखांचे पांढरे गठ्ठे दिसले असते, कातडी लाल झाली असती. काळीची कातडी स्वच्छ. म्हणजे मोल्टिंगच, जुनी पिसं गळून नवी येणं.

कारण काय तर दिवस लहान होतो. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरपर्यंत तो अकरावर येतो, आणि कमी होणारा उजेड कोंबडीच्या शरीराला बरोबर कळतो. पीस म्हणजे 85 टक्क्यांच्या आसपास प्रोटीन, म्हणून ती अंडी बंद करते आणि सगळं पिसांकडे वळवते.

आता खरी गंमत. शेजारचे काका रोज कुंपणावरून बघायचे, "वहिनी, ही काळी संपली, अंडं पण देत नाही, रस्सा करा मस्त. ती भुरी ठेवा, बघा कशी चकचकीत आहे." भुरी खरंच छान दिसत होती. पण भुरी श्रावणापासूनच एकेक पीस टाकत होती, इतकं हळू की कोणाच्या लक्षातच आलं नाही, आणि तेव्हापासून तिचं एक अंडं नाही! काळी मात्र दसऱ्यापर्यंत आठवड्याला चार-पाच देत होती.

डॉक्टरांनी पंख उघडून समजावलं. टोकाकडची 10 मोठी पिसं असतात, मधे एक आखूड पीस, त्याच्या अलीकडे बाकीची. नवं मोठं पीस पूर्ण वाढायला सहाएक आठवडे लागतात. जी कोंबडी एकदम तीन-चार टाकते तिची तीन-चार एकदमच वाढतात, म्हणजे वेळ वाचला. जी एकेक टाकते ती महिनोन्‌महिने त्यातच अडकते. म्हणजे जी सगळ्यात भिकार दिसते तीच बहुतेक चांगली अंडी देणारी! काकांना सांगितलं तर म्हणाले "डॉक्टर काय खातो, चिकनच ना" 🤦‍♀️

मग काळीची बडदास्त सुरू. तांदळाची कणी कमी केली, शेंगदाण्याची पेंड आणि जवळा (खारट असतो म्हणून धुवून) चालू केला. जवळ्याचा वास आला की बाकीच्या पाच पण धावत यायच्या आणि त्यातल्या दोघी तिच्या उघड्या कातडीवर टोचायच्या, म्हणून ती खायला बसली की तिच्यावर डालगं उपडं टाकून ठेवायचे.

आठ-दहा दिवसांत नवे कोंब फुटले, निळसर, रिफिलसारखे कडक, अंगभर, साळिंदरच म्हणा. हे कोंब रक्ताने भरलेले असतात हे मला एक मोडल्यावर कळलं. पोराने प्रेमाने उचलली आणि ती अशी किंचाळली की तो सोडून पळाला, पंखातून रक्त यायला लागलं, कापसाने दाबून धरलं तेव्हा थांबलं. त्यानंतर पिसं पूर्ण येईपर्यंत तिला हात लावायचा नाही असा घरात कायदा. मग कोंबावरचं कवच सुटायला लागलं, रात्री ती बसते तिथे खाली कोंड्यासारखा पांढरा भुगा पडायचा आणि कवचातून पीस उलगडायचं, कोरं, हिरवट झाक असलेलं काळं.

आज डिसेंबरचा दुसरा आठवडा. मान भरली, शेपटी अजून आखूड आहे. तुरा महिनाभर फिका पडला होता तो परवापासून लाल व्हायला लागलाय, आणि आज सकाळी ती पेंढ्याच्या टोपलीत जाऊन उगाच दहा मिनिटं बसून आली. अंडं नाही दिलं. भुरीचं अजून पंखातलं एक पीस यायचंय, आणि काका आता भुरीचा भाव विचारतायत.