निकल्सनसाहेबांचा पूल

लढाईच्या सिनेमात सरदार घोड्यावरून फेऱ्या मारत भाषण ठोकू लागला की मी चहा टाकायला उठतो. अंगावर काटा येतो, नाही असं नाही. पण महिनाअखेरचे हिशेब लागत नसताना त्या आवेशाचा ऑफिसात काय उपयोग?

नेतृत्व शिकायला कामाला येतात ते बारीकसारीक प्रसंग. ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ (१९९८) मध्ये एका शिपायाला शोधायला आठ जण निघालेत आणि वाटेत सगळे कुरकुरतायत. कॅप्टन मिलर कुणाला गप्प बसवत नाही. ‘तुम्ही का नाही कुरकुरत?’ असं विचारल्यावर तो सांगतो, की तक्रार वर जाते, खाली येत नाही. वरिष्ठांच्या मीटिंगमधून बाहेर पडून थेट कँटीनमध्ये आपल्याच ज्युनिअरांपुढे रडगाणं गाणारे साहेब ज्यांनी पाहिलेत, त्यांना या एका वाक्याची किंमत कळेल.

पण मला खरा छळतो तो ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ (१९५७) मधला दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश कर्नल निकल्सन. अॅलेक गिनेसने तो असा उभा केलाय की त्याचा राग धड करता येत नाही. जपान्यांच्या कैदेत असतानाही तो युद्धकैद्यांना कसं वागवायचं ते ठरवणाऱ्या जिनिव्हा कराराची प्रत काढून दाखवतो : अधिकारी अंगमेहनत करणार नाहीत. छावणीप्रमुख सायतो त्याला तापलेल्या पत्र्याच्या खोपटात कोंडतो. हा मोडत नाही. शेवटी सायतोच नमतो आणि शिपाई निकल्सनला खांद्यावर घेऊन नाचतात. इथवर कुठल्याही ट्रेनिंगमध्ये दाखवावा असा माणूस.

पुढे तो कामावर जाऊन पाहतो, तर आपली पोरं मुद्दाम पूल बिघडवतायत. शत्रूचा रेल्वेपूल, बिघडवणारच! निकल्सनला मात्र त्यात दिसते ती ढासळलेली शिस्त. मग तो नवी जागा निवडायला लावतो, आपले इंजिनिअर कामाला जुंपतो, माणसांना कामाचा अभिमान देतो. तारीख गाठायची म्हणून आजाऱ्यांना हलकी कामं देतो आणि ज्यासाठी स्वतः भट्टीत भाजला, ती अंगमेहनत अखेर अधिकाऱ्यांकडूनही करून घेतो. माणसं हौसेने राबतात. पूल झकास होतो, शत्रूसाठी. तो उडवायला आपल्याच बाजूच्यांनी लावलेल्या सुरुंगाची तार दिसल्यावर तर तो सायतोलाच सोबत घेऊन तिचा माग काढतो.

धैर्य, शिस्त, पुढे होऊन सोसणं... नेतृत्वाच्या पुस्तकांतले सगळे गुण या माणसात ठासून भरलेत. पूल कुणासाठी, एवढंच विचारायचं राहून जातं. छावणीतला डॉक्टर तसं विचारतोही. निकल्सनपाशी त्यालाही उत्तर तयार असतं.

खऱ्या इतिहासात, थायलंडमधल्या त्या पुलावर, ब्रिटिश कैद्यांचे प्रमुख होते फिलिप टूझी. माणसं जगवायची म्हणून त्यांनी जपान्यांशी गोडीने घेतलं आणि जमेल तिथे कामात खोट ठेवू दिली. लाकडी पुलात कैद्यांनी वाळवी सोडल्याचं सांगतात. निकल्सनच्या छावणीत ती सापडली असती, तर त्याने आधी तिचा बंदोबस्त केला असता.