रॉबर्टा फ्लॅक: शिक्षिका आणि गायिका

पोटोमॅक नदीच्या ज्या काठावर, व्हर्जिनियातील आर्लिंग्टनमध्ये, मी राहतो, तेथेच रॉबर्टा फ्लॅक लहानाच्या मोठ्या झाल्या. 1937 साली नॉर्थ कॅरोलायनात जन्मलेल्या या मुलीसाठी वडिलांनी भंगारातून एक जुना पियानो आणला आणि त्याला हिरवा रंग दिला. पंधराव्या वर्षी ती शिष्यवृत्ती मिळवून वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात दाखल झाली. शिक्षण पाश्चात्य शास्त्रीय संगीताचे. पण वडील वारल्यावर शाळेत शिकवण्याची नोकरी धरावी लागली.

पुढची कित्येक वर्षे दिवसा शाळा आणि रात्री गाणे असा क्रम चालला. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी संसदेजवळच्या कॅपिटॉल हिल या भागातल्या ‘मिस्टर हेन्रीज’ या रेस्टॉरंटमध्ये त्यांचे गाणे इतके गाजू लागले, की मालकाने खास त्यांच्यासाठी वरचा मजला सजवून घेतला. तेथे पियानोवादक लेस मॅकॅन यांनी त्यांना ऐकले आणि अटलांटिक रेकॉर्ड्स या ध्वनिमुद्रिका कंपनीपर्यंत पोहोचवले. ‘फर्स्ट टेक’ हा पहिला अल्बम 1969 मध्ये जेमतेम दहा तासांत ध्वनिमुद्रित झाला, तो त्यातील बरीच गाणी आधीच रसिकांसमोर घोळलेली होती म्हणूनच, असे मला वाटते. तेव्हा त्यांचे वय बत्तीस होते.

त्यातले ‘द फर्स्ट टाइम एव्हर आय सॉ युअर फेस’ हे गाणे फ्लॅक विलंबित लयीत गातात, आणि दोन ओळींमधल्या शांततेलाही सुराइतकेच वजन देतात. अभिनेते-दिग्दर्शक क्लिंट ईस्टवुड यांनी 1971 च्या आपल्या चित्रपटात ते घेतल्यावर, ध्वनिमुद्रणानंतर तीन वर्षांनी, 1972 मध्ये ते अमेरिकेत सलग सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. त्याला आणि पाठोपाठच्या ‘किलिंग मी सॉफ्टली विथ हिज साँग’ला ‘रेकॉर्ड ऑफ द इयर’चे ग्रॅमी मिळाले, लागोपाठ दोन वर्षे हा मान मिळवणारे त्यांच्याआधी कोणी नव्हते. गायक डॉनी हॅथवे यांच्यासोबतची युगुलगीते हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

सोल या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीतप्रकारात हुंकार आणि आवेग अपेक्षिणाऱ्या काही समीक्षकांना हा संयम मिळमिळीत वाटला. हे मला पटत नाही. ‘फर्स्ट टेक’ची सुरुवातच मुळी ‘कम्पेअर्ड टु व्हॉट’ या, व्हिएतनाम युद्धाबद्दल राष्ट्राध्यक्षांना धारेवर धरणाऱ्या गाण्याने होते, आणि ते गाणारी गायिका अमेरिकी संसदेपासून चालत जाण्याच्या अंतरावर नाव कमावून आलेली होती.