लग्नघरातली गच्ची आणि उन्हाळ्याची कामं

मराठवाड्यातल्या मोठ्या घरात एप्रिल-मेमध्ये गच्चीला तीन गिऱ्हाईकं असतात: वर्षाचं धान्य, वाळवण आणि रात्री झोपायला येणारे पाहुणे. त्याच वर्षी लेकीचं लग्न असेल तर मांडवाचं सामानही तिथंच येऊन पडतं. हॉल, बँड, फोटो यांचा घोर सगळेच करतात, पण घरातल्या बायकांची खरी तारांबळ उडते ती या गच्चीपायी. म्हणून तिथी धरली की आधी कॅलेंडर घ्यायचं आणि लग्नापासून उलटं मोजत यायचं. लग्नाआधी तीन आठवडे वाळवण संपलेलं पाहिजे आणि डब्यात गेलेलं पाहिजे. यात सूट नाही.

2026 सालाचंच बघा. गुढीपाडवा 19 मार्चला, अक्षय तृतीया 19 एप्रिलला आणि 17 मेपासून 15 जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ. अधिकात लग्नं नाहीत, म्हणून सगळी गर्दी एप्रिल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात. अशा साली लग्न मेच्या पहिल्या आठवड्यात असेल तर पाडव्यापासून मार्चअखेर धान्य आणि तिखट, एप्रिलच्या पहिल्या दहा-बारा दिवसांत वाळवण, अक्षय तृतीयेनंतर रुखवत आणि शेवटचे आठ दिवस फक्त माणसांसाठी. पहिली पत्रिका कुलदैवताला द्यायची असते. तुळजापूर किंवा येरमाळ्याला जाणार असाल तर चैत्र पौर्णिमेच्या मागचे-पुढचे दिवस टाळा. येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या यात्रेत रस्ता निघत नाही, अख्खा दिवस जातो.

धान्य आणि तिखट सगळ्यात आधी का, तर धुळीमुळे. ज्वारी चाळताना उडणारी भुकणी आणि मिरची कुटतानाचा खाट ओल्या कुरडयांच्या शेजारी चालत नाही. धान्याला दोन कडक उन्हं द्या, पण गरम धान्य कोठीत भरू नका. रात्रभर निवू द्या. गरम भरलं की आत घाम सुटतो आणि पावसाळ्यात पोरकिडे होतात. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत पूर्ण वाळलेला.

आता कुरडया. लग्नघरात हेच काम सगळ्यात जास्त बिघडतं, म्हणून सविस्तर लिहिते.

एका वेळी 5 किलोच्या वर गहू भिजवू नका. तीन दिवस भिजत ठेवायचा आणि रोज पाणी बदलायचं. उन्हाळ्यात पाणी लवकर आंबतं, म्हणून दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ बदललेलं चांगलं. एक वेळ जरी चुकली तरी वास धरतो, आणि तो वास तळल्यावरसुद्धा जात नाही. चौथ्या दिवशी गहू दळून भरपूर पाण्यात चोळून पिळायचा, चोथा पुन्हा एकदा वाटून पुन्हा पिळायचा, सगळं पाणी पातळ फडक्यातून गाळायचं. चोथा जनावरांना. गाळलेलं पाणी रात्रभर हलवायचं नाही. पहाटे वरचं पिवळं पाणी अलगद ओतून दिलं की तळाशी पांढरा, घट्ट चीक राहतो. पिवळं पाणी निम्मं राहू दिलं तर कुरडई लालसर होते.

चीक ज्या भांड्यानं मोजाल त्याच भांड्यानं तेवढंच पाणी आधणाला ठेवा. 5 किलो गव्हाला 80 ते 90 ग्रॅम मीठ आणि थोडा हिंग पुरतो. ओल्या चिकाला मीठ कमी वाटतं म्हणून हात सैल सोडू नका, वाळल्यावर ते वर येतं. पाणी खळखळ उकळलं की एकीनं चिकाची बारीक धार धरायची आणि दुसरीनं लाकडी दांड्यानं न थांबता घाटायचं. सुरुवातीला पातळ दूध ढवळल्यासारखं वाटतं. मग एकाएकी दांडा जड होतो, कडेनं गाठी दिसायला लागतात. बरेच जण घाबरून इथंच उतरवतात. उतरवू नका. आच कमी करून झाकण ठेवा आणि वाफ काढा, पुन्हा घाटा. पांढरा चीक हळूहळू काचेसारखा चमकायला लागतो. ओलं बोट लावून बघा, बोटाला चिकटला नाही की शिजला. त्या क्षणी लहान मुलांना वाटीत दूध-साखर किंवा तेल-तिखट घालून चीक द्या, तीही गप्प बसतात.

कच्चा राहिलेला चीक वाळल्यावर पिठूळ पांढरा पडतो, उचलताना मोडतो आणि तेलात फुलत नाही. पातळ राहिला तर सोऱ्यातून पडलेल्या तारा एकमेकींत मिसळतात. गार झाला तर वर साय धरते आणि तार तुटते. म्हणून पातेलं मंद आचेवर, ओल्या फडक्याखाली ठेवायचं आणि थोडा-थोडा चीक काढायचा. दोन सोरे असले तर उत्तम. पहाटे पाचला चूल पेटवली तर आठपर्यंत सगळं घालून होतं. नऊनंतर गच्चीवर पाय ठेवता येत नाही.

कागदावर घातल्या तर खालची बाजू ओली राहते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी उलटाव्याच लागतात. सुती धोतरावर घातल्या तर चिकटतात. मग धोतर उलटं करून मागून पाण्याचा हबका मारायचा, अलगद सुटतात. तीन उन्हं पूर्ण. दुपारी वावटळ येते, तेव्हा जुनी ओढणी पसरून कडेला विटा ठेवा. आणि दुपारी तीननंतर पश्चिमेला ढग दिसले की विचार करत बसू नका, उचला. एप्रिलमधला अवकाळी पंधरा मिनिटांत चार दिवसांचं काम धुऊन नेतो. 5 किलो गव्हाच्या दोन ते अडीच किलो कुरडया हाती येतात. रुखवत, लेकीचा डबा आणि घर यासाठी दोन वेळा मिळून 10 किलो गहू पुरे. 500 पानांच्या पंगतीच्या कुरडया घरी करायचा हट्ट करू नका, त्या बाहेरून घ्या.

उडदाचे पापड याच्या उलट, त्यांना सावली लागते. किलोभर पिठाला 35 ते 40 ग्रॅम पापडखार. खार आणि मीठ पाण्यात उकळून, निववून, गाळूनच घ्या, गाळल्याशिवाय कच लागते. लाटून सावलीत सुकवायचे आणि शेवटी थोडंसं ऊन दाखवायचं. थेट उन्हात टाकले तर गोळा होतात आणि भरताना फुटतात. किलोचे साधारण 70-80 होतात. हे काम माजघरात पंख्याखाली होतं. म्हणून गच्चीवर कुरडया असतील त्याच दिवशी दुपारी जावा-नणंदांनी पापडाला बसावं.

येसराचंही, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींच्या आमटीच्या पिठाचंही, याच आठवड्यात उरका. आपल्याकडं लग्नात येसराची आमटी पाहिजेच. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, हरभऱ्याची आणि उडदाची डाळ वेगवेगळी भाजा. एकत्र टाकली की बाजरी करपते आणि डाळ कच्ची राहते. मसालाही निराळाच भाजायचा. सगळं निवल्यावरच दळायला द्या. पंगतीच्या दिवशी आचाऱ्याला सांगून ठेवा, येसर आधी गार पाण्यात कालवून मगच उकळीत सोडायचं, नाहीतर गुठळ्या होतात.

वाळवण उरकलं की पाण्याचा हिशोब. या भागात 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. उन्हाळ्यात लग्न धरणाऱ्यानं हे विसरू नये. मुक्कामी 50 माणसं असतील तर माणशी 70 लिटर धरून दिवसाला 3,500 लिटर लागतं. म्हणजे 5,000 लिटरचा टँकर दीड दिवसही पुरत नाही. हळदीचा दिवस, लग्नाचा दिवस आणि दुसरा दिवस, असे तीन टँकर आधी सांगून ठेवा आणि एकाचे पैसे आगाऊ द्या, कारण त्याच तिथीला गावात आणखी लग्नं असतात. पंगतीचं पिण्याचं पाणी वेगळं: शंभर माणसांना 20 लिटरचे 10 जार. भांडी धुवायचं पाणी आचारी धरत नाही, ते त्याला मुद्दाम विचारा.

शिध्याची यादी आचारी देईलच, पण ताडून बघायला शंभर पानांमागे तांदूळ 8 ते 10 किलो, तूरडाळ 3 ते 4 किलो, वांगी 12 ते 14 किलो लक्षात ठेवा. आमरस मोठ्या पंगतीला ठेवू नका. 42 अंशांत तो तासाभरात आंबायला लागतो. केसर आंबा मांडव परतणीला जावई येतील तेव्हा काढा, त्या दिवशी ताजा रस आणि ताजी तळलेली कुरडई.

हळकुंडं वसमतकडची नवी मिळतात, हळद नुकतीच निघालेली असते. जात्यावर दळायची तेवढीच घ्या, पाव किलो पुष्कळ. देवकाला आणि मांडवाला लागणारे डहाळे आदल्या संध्याकाळी आणून ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवा, सकाळी आणले तर दुपारपर्यंत सुकतात. आंबा, जांभूळ, उंबर यांतलं आपल्या कुळाचं देवक काय ते घरातल्या थोरल्या माणसाला आधीच विचारून घ्या.

लेकीच्या डब्यात कुरडया, पापड, शेवया भरण्याआधी त्यांना पुन्हा एक ऊन द्या, निववा आणि पत्र्याच्या डब्यात खाली कागद घालून भरा. मोडक्या कुरडया बाजूला काढताना फेकू नका. लग्न झाल्यावर घरात भाजी संपलेली असते आणि चार-दोन माणसं अजून मुक्कामी असतात. हा चुरा दहा मिनिटं गरम पाण्यात भिजवून निथळवायचा, कांदा-लसणाची फोडणी, काळं तिखट, थोडं शेंगदाण्याचं कूट घालून वाफ काढायची. ही भाजी भाकरीबरोबर गरमच वाढायची, गार झाली की गोळा होतो.