केराटिन न करता गेलेली क्लायंट

केराटिनची वेळ घेऊन आलेली बाई नुसता कट करून परत जाते, असं आमच्याकडे सहसा होत नाही. केराटिन म्हणजे केस सरळ करायची ट्रीटमेंट. तीन-चार तास एक खुर्ची अडकलेली, एक हेल्पर त्याच केसांत गुंतलेली आणि महिन्याच्या टार्गेटमध्ये मोठी भर. त्यामुळे त्या दुपारी जे झालं त्यावर सलॉनमध्ये अजून बोलणं चालू आहे. माझ्याही डोक्यातून ते जात नाही, म्हणून लिहून काढते आहे.

त्या बाई एका हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहेत. ड्यूटी सकाळी सातची, घरातून सहाच्या आधी निघायचं. केस धुवायचे ते पहाटेच. मग ओलेच विंचरायचे, घट्ट बुचडा घालायचा आणि वर थिएटरची टोपी. दुपारी टोपी काढली की डोक्यावरचे केस चपटे, कानाजवळचे पिंजारलेले आणि बुचडा सोडला तर आतून अजून दमट. "ताई, मला छान केस नकोत," खुर्चीत बसता बसताच त्या म्हणाल्या. "मला केसांचा विचारच करायला लागू नये. सरळ करून टाका."

ज्यांच्याकडे वेळ नाही त्या सगळ्याजणी हेच मागतात. आणि आमच्या धंद्यात त्यांच्यासाठी उत्तर आधीच तयार असतं.

मी केस कोरडे असतानाच तपासते. बऱ्याच ठिकाणी क्लायंट आली की आधी बेसिनवर नेतात. मग ती घरून कशी आली होती, ते कुणालाच कळत नाही. सिस्टरांच्या केसांचा वरचा थर म्हणजे नुसता धुरळा, उभे राहिलेले, पिंजारलेले केस. क्लिप लावून तो वर घेतला आणि मानेजवळचा थर सोडला, तर आत स्वच्छ लाट होती, इंग्रजी एससारखी, मुळापासून दोन बोटांवर सुरू होऊन टोकापर्यंत गेलेली. मानेजवळच्या केसांवर कंगवा कमी फिरतो, रबर तिथे कमी घासतं. म्हणून मूळ केस कसा आहे हे बघायचं तर तिथे बघावं. त्यांना आरशात दाखवलं. "हे माझेच केस?" म्हणाल्या. शाळेत असल्यापासून त्या स्वतःच्या केसांना राठ समजत होत्या.

मग वर एवढा धुरळा कशाचा? आधी वाटलं, ओल्या बुचड्यामुळे तुटलेले केस असतील. ओला केस पाणी पिऊन जाडीला साधारण १५ टक्के फुगतो, नाजूक होतो आणि घट्ट रबराखाली हमखास तुटतो. पण तुटलेल्या केसाचं टोक फाटलेलं असतं, लांबी कशीही असते. इथे टोकं सपाट होती, कात्रीची. लांबीही सारखी, चार-पाच सेंटिमीटर. डोक्यावरून मागे ओळीने ते आखूड केस उभे होते. मी विचारलं, "मागच्या वेळी केस हलके करून घेतले होते का?" त्या म्हणाल्या, "हो, फार दाट आहेत म्हणाल्या, दात्याच्या कात्रीने पातळ करून दिले. तेव्हापासून जास्तच फुलतात."

याचा मला खरंच राग येतो. दात्याची कात्री मुळाजवळ चालवली की काही केस लांब राहतात, काही बोटभर उरतात. सरळ केसांत ते बोटभर केस मुकाट्याने खाली पडून राहतात, कुणाला दिसत नाहीत. लाटेच्या केसात त्यांना खाली ओढायला वजन नसतं, ते वळतात, उभे राहतात आणि वरच्या लांब केसांनाही उचलून धरतात. म्हणजे बाई केस कमी करायला आली आणि जास्त फुगलेलं डोकं घेऊन गेली. मग तिला सांगायचं, तुमचे केस फार फ्रिझी, म्हणजे पिंजारलेले आहेत, केराटिन करून घ्या. एका खुर्चीत बिघडवायचं आणि दुसऱ्या खुर्चीत दुरुस्तीचं बिल करायचं. मुद्दाम कुणी करत नाही, हे मला माहीत आहे. शिकवलंच तसं जातं. ज्या डमीवर आम्ही कट शिकतो तिचे केस सरळ असतात. परीक्षाही त्याच डमीवर. लाटेचा केस वाळल्यावर दोन-तीन सेंटिमीटर वर चढतो, म्हणून त्याला ओला ताणून कापायचं नसतं, हे मला कोर्समध्ये कुणी सांगितलं नव्हतं. कोर्समध्ये सगळी मेहनत ब्लो ड्रायवर, म्हणजे क्लायंट दारातून बाहेर पडेपर्यंत केस कसे दिसतील यावर. तिच्या घरी पहाटे साडेपाचला ते कसे असतील, हा विषयच नाही.

मी हे सगळं बघत असताना शेजारी हेल्परने केराटिनची बाटली उघडली आणि वाटीत काढायला लागली. सिस्टरांनी मान वळवली. "इथे फॉर्मॅलिन कशाला ठेवलंय?"

आम्ही दोघी बघतच राहिलो. "बायोप्सीचा तुकडा आम्ही ज्या बरणीत टाकतो ना, तिचा वास आहे हा," त्या म्हणाल्या. "रोज बरणी उघडते मी. चुकायची नाही." हेल्परने बाटली फिरवून त्यांच्यासमोर धरली. लेबलवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, फॉर्मल्डिहाइड फ्री. सिस्टरांनी ते वाचलं, मागची बारीक अक्षरं वाचली आणि बाटली परत दिली. "हे नको."

या धंद्यातल्या प्रत्येकीला माहीत असायला हवं, असं इथे थोडं आहे. नाव केराटिन असलं तरी केस सरळ राहतो तो त्या प्रोटीनमुळे नाही. फॉर्मल्डिहाइडसारखं काहीतरी केसात मुरवायचं, वर २३० अंशांची इस्त्री फिरवायची, आणि केस त्या सपाट अवस्थेत जखडून जातो. फॉर्मल्डिहाइड पाण्यात विरघळलं की त्याचं मिथिलीन ग्लायकॉल होतं; सिस्टरांच्या बरणीतलं फॉर्मॅलिन म्हणजे हेच द्रावण. बाटलीवर ते नाव टाकता येतं. इस्त्रीची उष्णता लागली की त्यातून पुन्हा तोच वायू निघतो आणि क्लायंटच्या आधी आमच्या नाकात जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. त्यानंतर कंपन्यांनी ग्लायऑक्झिलिक ॲसिडची उत्पादनं आणली, हे सुरक्षित म्हणून. २०२४ मध्ये डॉक्टरांनी एका २६ वर्षांच्या बाईची हकीकत प्रसिद्ध केली. तिने तीन वेळा केस सरळ करून घेतले होते आणि तिन्ही वेळा तिच्या किडन्यांना इजा झाली होती. क्रीममध्ये दहा टक्के ग्लायऑक्झिलिक ॲसिड होतं. ते डोक्याच्या त्वचेतून आत गेलं की शरीरात त्याचं ऑक्झलेट बनतं आणि किडनीत त्याचे बारीक स्फटिक साठतात.

सिस्टर उठायला लागल्या. मी म्हटलं, एक तास द्या. केस सरळ होणार नाहीत, पण सकाळचं काम कमी करून देते.

त्यांना आधी एवढंच सांगितलं की केस भिजला की त्याच्या आतले हायड्रोजनचे बंध सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात. ज्या आकारात वाळेल तो आकार पुढच्या धुण्यापर्यंत राहतो. तुमचा केस रोज बुचड्यात, टोपीखाली, अर्धवट वाळतो. मग दुपारी बाहेरची दमट हवा लागली की जे बंध धड जुळलेच नव्हते ते परत सुटतात. केसाला हवेतला ओलावा किती पटकन कळतो, हे मी शिकाऊ मुलींना नेहमी सांगते. सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने १७८३ मध्ये हवेची आर्द्रता मोजायचं यंत्र बनवलं, ते माणसाचा केस ताणून. हवा दमट झाली की केस लांबतो, काटा सरकतो. तेव्हा फ्रिझला केसाचा दोष मानू नका. केस कसा वाळला, एवढंच आपल्या हातात असतं.

कट कोरड्यावर केला. आखूड केसांना हात लावला नाही. ते वाढू देण्याखेरीज इलाज नाही आणि केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटरच वाढतो. खालचं वजन ठेवलं, टोकाकडे कात्री उभी धरून थोडं मोकळं केलं. मग बेसिनवर. कंडिशनर लावल्यावरच, केस निथळत असतानाच, मोठ्या दातांचा कंगवा टोकाकडून वर.

यापुढचं मी केलं नाही. खुर्ची आरशासमोर फिरवली, जेलची बाटली त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, आता तुम्ही करा, मी फक्त सांगते.

हे का, तर माझ्या हातून केस छानच वाळणार. ते बघून बाई खूश होणार आणि घरी गेल्यावर तिला काहीच जमणार नाही. सिस्टरांनी पहिल्यांदा जेल घेतला तो डोक्यावर थापला. नाही, तळहातांवर पसरा, केसांना प्रार्थनेसारखे हात जोडून मधे धरा आणि वरून खाली सरकवा. पाणी टिपायच्या आधी. पाणी टिपल्यावर लावला तर लाटेचे तंतू आधीच सुटे झालेले असतात. मग मान खाली, टोकं मुठीत घेऊन मुळाकडे दाबायची. केस पुरेसा ओला असला की आवाज येतो, पचपच असा. तो आला की त्या हसल्या. त्यानंतर जुना सुती टी-शर्ट. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, नुसतं दाबायचं. सगळं मिळून घड्याळात चार मिनिटं. थिएटरमधल्या बाईचे हात, एकदा दाखवलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

वाळवताना मात्र हात लावायचा नाही. यात सगळ्या चुकतात. ड्रायरच्या तोंडाला डिफ्यूझर, म्हणजे हवा पसरवणारी भोकांची वाटी, मंद हवेवर, टोकं त्यात ठेवून स्थिर. वाळल्यावर केस जेलने कडक होतो, बाई घाबरते, म्हणते हे काय तारा झाल्या. तो कडकपणा म्हणजे बाहेरचं कवच, त्याने लाट धरून ठेवलेली असते. पूर्ण वाळल्यावर मूठभर केस चुरगळायचे, कवच मोडतं, आत मऊ लाट राहते. सिस्टरांनी चुरगळले. आरशात बराच वेळ बघत राहिल्या. डोक्यावरचे आखूड केस तसेच उभे होते, ते मी लपवले नाहीत.

मग त्यांचं वेळापत्रक घेऊन बसलो. पहाटे धुणं बंद. ड्यूटीवरून दुपारी घरी आल्यावर धुवायचे, चार मिनिटं द्यायची आणि विसरून जायचं. स्वयंपाक, झोप, काहीही चालू असताना केस आपोआप वाळतात. रात्री सगळे केस वर घेऊन सैल बांधायचे, कापडी रबराने, उशीला सॅटिनचा अभ्रा. पहाटे ओल्या हातांनी फक्त वरचा थर दाबायचा आणि कोरडे केस सैल बांधून टोपीत. एकदा धुतले की दोन-तीन दिवस पुरायला हवेत. त्यांनी मोबाइलमध्ये लिहून घेतलं, ड्यूटीच्या याद्या लिहितात तसं, वेळेसकट.

त्या गेल्यावर मॅडमनी मला आत बोलावलं. त्यांचं म्हणणं, तू क्लायंट परत पाठवलीस. मी म्हटलं, तिला तिच्या नाकाने परत पाठवलं. मॅडम वाईट नाहीत. भाडं, पगार, कंपनीची टार्गेटं त्यांच्या डोक्यावर आहेत, आणि क्लायंटच्या हातात जेल देऊन उभं राहण्याचं काम कुठल्याच रेटकार्डावर नाही. हेच मला खुपतं. बाईला जे खरं उपयोगी पडतं त्याला आमच्याकडे नावच नाही, म्हणून ते कुणी करत नाही.

दुसरी गोष्ट जास्त खुपते. सिस्टरांना तो वास ओळखता आला. बाकीच्यांना डोळे चुरचुरले तर आम्ही सांगतो, प्रॉडक्टचं आहे, दोन मिनिटांत जाईल. हेल्पर मुलगी एकोणीस वर्षांची आहे आणि आठवड्यातून कितीतरी वेळा त्या वाफेवर वाकून उभी असते. त्या संध्याकाळी तिने मला विचारलं, "ताई, माझ्या नाकाला तो वास आता येतच नाही, ते चांगलं की वाईट?" मी तिला खिडकीजवळच्या खुर्चीवर घेतलं आहे आणि केराटिनच्या वेळी माझ्या बाजूचा एक्झॉस्ट मी स्वतः चालू करते. मॅडमनी कंपनीच्या माणसाकडे त्या बाटलीची सुरक्षा माहितीची कागदपत्रं मागितली आहेत. तो दर भेटीत देतो म्हणतो. ती येईपर्यंत मी ती बाटली वापरणार नाही, हे मॅडमना सांगितलं आहे आणि त्यांनी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.

सिस्टरांचा मधे निरोप आला. धुणं दुपारवर गेलं, पहाट मोकळी झाली. दोन दिवस चांगले जातात, तिसऱ्या दिवशी टोपीखाली घाम आला की कानाजवळ पुन्हा फुलतात. तिथे जेल थोडा जास्त लावून बघा म्हटलंय. पुढच्या आठवड्यात त्या येणार आहेत. ड्यूटी संपली की घरी न जाता, टोपी काढून जशा असतील तशा या, असं सांगून ठेवलंय. डोक्यावरचे ते आखूड केस आता किती खाली आलेत ते बघायचंय, आणि त्यावरून मागचा थर आता कापायचा की अजून दोन महिने थांबायचं, ते ठरेल.