आडनाव बदलायला आले होते

वकिलीत दत्तकाच्या केसेस बऱ्याच केल्या आजवर, पण ही एक अजून डोक्यातून जात नाही.

नवरा-बायको ऑफिसात आले, तिची पहिल्या लग्नाची मुलगी 13 वर्षांची, आणि त्यांचं म्हणणं एवढंच की मॅडम, शाळेत दर वेळी सही करताना विचारतात तुम्ही कोण, तर हिचं आडनाव तेवढं बदलून द्या. म्हटलं, आडनाव बदलून तुम्ही बाप होत नाही, हिच्याशी लग्न केलंत म्हणूनही होत नाही. उद्या बायकोला काही झालं तर पोरगी तुमच्याकडेच राहील याची काही खात्री नाही, आणि तुम्ही मृत्युपत्र न करता गेलात तर वारस म्हणून ती बहुतेक ठिकाणी धरली जाणार नाही. दत्तकच घ्यावं लागेल.

बायको एकदम घाबरली, म्हणाली मग माझं आईपण जाईल का? हसू नका, प्रश्न वेडा नाहीये. इंग्लंडमध्ये 2002चा कायदा लागू होईपर्यंत आईलाही नव्या नवऱ्यासोबत अर्ज करून स्वतःचंच मूल दत्तक घ्यावं लागायचं! आता तसं नाही, तुमचं आहे तसंच राहतं, तुटतं ते दुसऱ्या बाजूचं. हे मी बोलून गेले खरी, पण तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे फक्त बापच होता.

मुलीचा जन्मदाता बाप सहा वर्षं गायब. त्याला कशाला कळवायचं, असं तिचं. पण बाप जिवंत असला की सगळं तिथेच अडतं, त्याची संमती लागते, आणि सापडत नसला तर खरंच शोधलंय हे कोर्टाला दाखवावं लागतं, शेवटचा पत्ता, नातेवाईक, नोकरीचं ठिकाण, मग पेपरात जाहीर नोटीस. काही जण पत्ता माहीत असून बेपत्ता लिहायला सांगतात, मी अशी केस घेतच नाही, कारण पुढे तो उगवला तर झालेली ऑर्डरसुद्धा रद्द होऊ शकते. आमची पहिली नोटीस परत आली, दुसरी त्याच्या आईच्या पत्त्यावर पाठवली.

तारखेला तो आला, सोबत त्याची आई. कॉरिडॉरमध्ये मला गाठून एकच प्रश्न, सही केली की पोटगी थांबते ना? म्हटलं मी तुमची वकील नाही, तुमचा वकील बघा, पण ऑर्डरनंतरची थांबते, मागची थकबाकी माफ होत नाही. जजसाहेबांनी त्याला दोनदा विचारलं, हे नंतर फिरवता येत नाही, कळतंय ना? हो म्हणाला. पाच मिनिटं पण लागली नसतील.

मग मुलीची पाळी. मुलाला कितव्या वर्षापासून विचारायचं हे जागेगणिक वेगळं, भारताच्या नियमांत 5 पूर्ण झाली की, कॅलिफोर्नियात 12, न्यूयॉर्कमध्ये 14. आम्हाला सगळ्यांना बाहेर काढून जजसाहेब चेंबरमध्ये तिच्याशी एकटेच बोलले आणि मग मला आत बोलावून म्हणाले, वकीलबाई, ती विचारतेय आजी पण जाणार का?

आजी बाहेर बाकावर बसली होती. दर रविवारी दोघींचा फोन व्हायचा म्हणे. तीन महिने मी अर्ज, ॲफिडेव्हिटं, नोटिसा करत होते आणि आजीबद्दल एकदाही विचारलं नव्हतं! कायद्याने उत्तर 'हो' असंच होतं, बापासोबत बापाकडचं सगळं नातं जातं.

पंधरा दिवसांची पुढची तारीख पडली. तेवढ्यात दोन्ही घरांनी बसून महिन्यातून एकदा भेटायचं लेखी ठरवलं आणि ते आम्ही रेकॉर्डवर दिलं. (असं लिहिलेलं काही ठिकाणी कोर्ट पाळायला लावतं, काही ठिकाणी तो फक्त शब्द असतो, हे मी आजीला स्पष्ट सांगितलं.) पोरीची अजून एक अट होती. आडनाव आजीचंच ठेवायचं. दत्तक आणि आडनाव या वेगळ्या मागण्या असतात, त्यामुळे अर्जातली आडनावाची ओळ तेवढी खोडली.

ऑर्डर झाली. नव्या जन्मदाखल्यावर बापाच्या जागी यांचं नाव येणार, आडनाव जुनंच. नवरेबुवा कागद बराच वेळ बघत बसले आणि मग म्हणाले, मॅडम, म्हणजे शाळेत परत विचारणारच की, तुम्ही कोण?

म्हटलं, विचारणारच. म्हणून तर चार सर्टिफाइड कॉप्या काढल्यात.