चेहरा बदलला म्हणून नव्हे

अमेरिकेतील दुपारच्या मालिका मी पाहते हे कळल्यावर बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात. वीस-पंचवीस वर्षे एखादी भूमिका करणारा नट निघून गेला आणि त्याच नावाने दुसराच कोणी येऊन उभा राहिला, की तुम्ही ती मालिका सोडत नाही का? प्रश्नात थोडी चेष्टा असते, थोडे कुतूहल असते, आणि आपल्याला असले काही चालले नसते असा सूरही असतो. तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर उत्तर देते. नट बदलला या कारणासाठी मी आजवर एकही मालिका सोडलेली नाही. ज्या सोडल्या त्या लेखनामुळे सोडल्या, आणि लेखनातल्याही एका विशिष्ट अपराधामुळे. त्या अपराधाकडे येण्यापूर्वी चेहऱ्यांचा हिशेब पुरा करते.

या मालिकांना हंगाम नसतात. आठवड्याचे पाच दिवस, वर्षाचे बाराही महिने त्या चालू असतात, म्हणजे वर्षाला अडीचशेच्या आसपास भाग होतात. ‘जनरल हॉस्पिटल’ 1963 पासून चालू आहे, ‘डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’ 1965 पासून, ‘द यंग अँड द रेस्टलेस’ 1973 पासून. ‘गायडिंग लाइट’ तर 1937 मध्ये रेडिओवर सुरू झाली, 1952 मध्ये दूरचित्रवाणीवर आली आणि 2009 मध्ये संपली. बहात्तर वर्षे चाललेल्या कथेतली माणसे एकाच चेहऱ्याने वावरावीत ही अपेक्षा निसर्गालाच मान्य नाही. त्यातून बहुतेक करारांत दर तेरा आठवड्यांनी कलाकाराला मोकळे करण्याची मुभा निर्मात्यांनी स्वतःकडे ठेवलेली असते. हेलन वॅग्नर यांच्यासारखा अपवाद विरळाच. ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’मधले पहिले वाक्य 1956 मध्ये त्यांनी उच्चारले आणि मधले काही खंड वगळता 2010 पर्यंत नॅन्सी ह्यूज त्यांनीच साकारली. मालिका बंद पडली त्याच वर्षी, तिच्या काही महिने आधी, त्या वारल्या.

त्यामुळे नट बदलतात, आणि तो बदल जाहीर करण्याची या मालिकांची जुनी रीत मला मनापासून आवडते. निवेदकाचा आवाज येतो आणि तो सांगतो, की अमुकची भूमिका आता तमुक करीत आहेत. बस्स, एवढेच. क्षमायाचना नाही, स्पष्टीकरण नाही. त्या एका वाक्यात प्रेक्षकाशी एक करार होतो: चेहरा नवा आहे, माणूस तोच आहे, आणि काल काय घडले ते आम्हीही विसरलेलो नाही.

मुलांच्या बाबतीत हा करार आणखी ताणला जातो. ‘द यंग अँड द रेस्टलेस’मधली व्हिक्टोरिया न्यूमन कथेत 1982 मध्ये जन्मली आणि 1990 मध्ये हेदर टॉम ही चौदा-पंधरा वर्षांची मुलगी ती भूमिका करू लागली. आठ वर्षांत मुलगी किशोरवयात पोहोचली. प्रेक्षक हसले आणि त्यांनी ते मान्य केले, कारण वाढत्या मुलीवाचून आईबापांना नवे भांडण मिळत नाही हे त्यांनाही कळते.

बदली कलाकार कधी रुजतो आणि कधी रुजत नाही, याबद्दल चाहत्यांत जेवढे वाद होतात तेवढे क्वचितच दुसऱ्या कशावरून होत असतील. माझे मत असे, की आधीच्या नटाच्या लकबी नव्याकडून करवून घेण्याचा हट्ट लेखकांनी धरला की तो बदल फसतो. ‘द बोल्ड अँड द ब्यूटिफुल’मध्ये रॉन मॉस यांनी 1987 पासून 2012 पर्यंत रिज फॉरेस्टर साकारला. 2013 च्या अखेरीस त्यांच्या जागी थॉर्स्टन के आले. दोघांत साम्य म्हणावे असे काहीही नाही. मॉस यांचा रिज फॅशनच्या मासिकातून उतरल्यासारखा होता, तर के यांचा रिज रात्रभर जागल्यासारखा दिसतो आणि घोगऱ्या आवाजात पुटपुटतो. पहिले काही महिने मलाही तो परका वाटला. पण लेखकांनी त्याला जुन्या रिजची नक्कल करायला लावली नाही, त्याचा मंद, खोल स्वभाव कथेत मुरू दिला, आणि एके दिवशी माझ्या लक्षात आले की आपण तुलना करणे सोडून दिले आहे. जेस वॉल्टन यांनी 1987 मध्ये ‘द यंग अँड द रेस्टलेस’मधली जिल ही भूमिका घेतली, तेव्हा त्यासुद्धा बदलीच कलाकार होत्या. आज जिल म्हटले की दुसरा चेहरा फार थोड्यांच्या डोळ्यांसमोर येत असेल.

खरी गंमत सुरू होते ती मूळ नट परत येतो तेव्हा. ‘डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’मध्ये वेन नॉर्थ्रप यांनी 1981 ते 1984 या काळात रोमन ब्रेडी हा पोलीस अधिकारी साकारला. रोमन मेला असे दाखवले गेले. 1986 मध्ये चेहऱ्यावरच्या पट्ट्या उतरवून, स्मृती हरवलेला एक माणूस जॉन ब्लॅक या नावाने समोर आला. ही भूमिका ड्रेक होगेस्टिन यांची. हाच शस्त्रक्रियेने चेहरा बदललेला रोमन आहे असे कथेने ठरवले. त्याने रोमनच्या पत्नीबरोबर, मार्लेनाबरोबर, संसार केला, रोमनची मुले सांभाळली, आणि प्रेक्षकांनी त्याला पाच वर्षे रोमन म्हणून जीव लावला. मग 1991 मध्ये नॉर्थ्रप परतले. आता खरा रोमन कोण?

लेखकांनी दिलेले उत्तर मला आजही या प्रकारातले सर्वांत शहाणे उत्तर वाटते. नॉर्थ्रप हाच रोमन, असे त्यांनी ठरवले. पण होगेस्टिन यांची पाच वर्षे त्यांनी पुसून टाकली नाहीत. जॉनला एका फटक्यात नाव, पत्नी, मुले, आईबाप, सगळे गमवावे लागले, आणि पुढची कित्येक वर्षांची कथा त्या गमावण्यातून उभी राहिली. जे घडले ते घडलेच होते, फक्त ते आपण समजत होतो त्याच्या आयुष्यात घडले नव्हते.

हाच डाव पुढे इतरांनीही टाकला. ‘वन लाइफ टू लिव्ह’मध्ये रॉजर हॉवर्थ यांच्या जागी 2003 मध्ये ट्रेव्हर सेंट जॉन टॉड मॅनिंग झाले. 2011 मध्ये हॉवर्थ परतल्यावर, आठ वर्षे टॉड म्हणून जगलेला माणूस त्याचा जुळा भाऊ व्हिक्टर निघाला. ‘जनरल हॉस्पिटल’मध्ये स्टीव्ह बर्टन यांच्यानंतर 2014 मध्ये बिली मिलर जेसन मॉर्गन म्हणून आले. 2017 मध्ये बर्टन परतले आणि मिलर यांचा जेसन हा जुळा भाऊ ड्रू ठरला, ज्याच्या मेंदूत जेसनच्या आठवणी उतरवल्या होत्या. दुसऱ्यांदा जुळा भाऊ निघाला तेव्हा मी मोठ्याने हसले, हे कबूल करते. तरीही त्या हास्यास्पद युक्तीत एक सभ्यता आहे. मिलर यांच्या जेसनवर तीन वर्षे प्रेम केलेल्या प्रेक्षकाला ‘तू पाहिलेस ते खोटे होते’ असे तिथे कोणी म्हणत नाही. उसन्या आठवणींवर जगलेला माणूसही माणूसच असतो, हे मान्य करून कथा पुढे जाते.

आता त्या अपराधाविषयी. ‘ऑल माय चिल्ड्रन’मधली एरिका केन, सुझन लूची यांनी साकारलेली, 1973 मध्ये गर्भपात करून घेते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षाच्या जानेवारीत गर्भपाताचा हक्क मान्य केला होता, आणि कायदेशीर गर्भपात दाखवणारे अमेरिकी दूरचित्रवाणीवरचे ते पहिले कथानक मानले जाते. एरिका आजारी नव्हती, बलात्काराची बळी नव्हती. तिला मूल नको होते, कारण तिला पुढे जायचे होते. या निर्मितीचे श्रेय मालिकेच्या जनक ॲग्नेस निक्सन यांचे. त्यानंतरची तीस वर्षे एरिकाचे जे काही झाले, ते तो निर्णय घेतलेल्या बाईचे झाले. 2006 मध्ये तेव्हाच्या लेखकांनी असे उघड केले, की तो गर्भपात झालाच नव्हता. डॉक्टरने गर्भ चोरून आपल्या पत्नीच्या उदरात रुजवला होता आणि जोश नावाचा एक देखणा तरुण एरिकाचा मुलगा होता.

वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने हे किती अशक्य आहे ते सोडून देऊ. मेलेली माणसे परत येतात अशा जगात आपण शास्त्राचा आग्रह धरत नाही. मला संताप आला तो वेगळ्या कारणासाठी. एका स्त्रीने स्वतःच्या आयुष्याविषयी घेतलेला निर्णय, तो पाहिलेल्या, त्यावर घरोघरी वाद घातलेल्या प्रेक्षकांच्या आठवणीसकट, मागे जाऊन काढून घेतला गेला. जोशची भूमिका करणारा नट वाईट नव्हता, आणि लूची यांनी त्या प्रसंगांत जीव ओतला. नटांची निवड बरोबर आणि लेखन चूक, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. मी त्या काळात ती मालिका पाहणे थांबवले.

चाहते अशा मागे जाऊन केलेल्या दुरुस्तीला ‘रेटकॉन’ म्हणतात आणि सगळ्याच रेटकॉनवर सरसकट आग पाखडतात. मी तेवढी कठोर नाही. ‘द यंग अँड द रेस्टलेस’मध्ये कॅथरिन चॅन्सलर ही श्रीमंत बाई आणि तिच्या नवऱ्याच्या प्रेमात पडलेली गरीब घरची जिल यांचे वैर 1970 च्या दशकात सुरू झाले. 2003 मध्ये जिल ही कॅथरिनचीच मुलगी निघाली आणि 2009 मध्ये ती नाहीच असे सिद्ध झाले. नाते जोडले तेव्हा त्या वैरातली गरीब-श्रीमंतीची धार गेली, म्हणून मी कुरकुरले. नाते तोडले तेव्हा जीन कूपर आणि जेस वॉल्टन यांनी आई-मुलगी म्हणून काढलेली सहा वर्षे आठवून पुन्हा कुरकुरले. पण भांडणे, समेट आणि एकत्र घालवलेल्या संध्याकाळी कोणी नाकारल्या नाहीत, म्हणून पाहत राहिले. कूपर 2013 मध्ये वारल्या, आणि कॅथरिनची भूमिका दुसऱ्या कुणाला न देता कथेतही तिला निरोप दिला गेला.

भूतकाळाकडे परत जायचेच असेल तर कसे जावे, याचे उदाहरण ‘जनरल हॉस्पिटल’ने घालून दिले आहे. ल्यूक आणि लॉरा यांचे लग्न 1981 च्या नोव्हेंबरमध्ये सुमारे तीन कोटी लोकांनी पाहिले. त्या प्रेमकथेची सुरुवात मात्र 1979 मध्ये ल्यूकने लॉरावर केलेल्या बलात्काराने झाली होती, आणि पुढे कथेने आणि बऱ्याच प्रेक्षकांनीही त्यावर प्रणयाचे पांघरूण घातले. 1998 मध्ये त्यांच्या मुलाला, लकीला, ही गोष्ट कळते. बलात्कार झालेल्या एलिझाबेथला तो त्याच काळात सावरत असतो. आता त्याला बापाच्या डोळ्यांत पाहणे भाग आहे. इथे घटना पुसली नाही, सौम्यही केली नाही. एकोणीस वर्षांपूर्वी जे नाव द्यायचे टाळले होते, ते नाव तिला दिले. लकीचा नट त्यानंतर दोनदा बदलला आणि मूळचे जोनाथन जॅक्सन पुन्हा परतले, पण तो प्रसंग पाहिलेल्या माणसाला प्रत्येक लकीच्या मनात ती जखम दिसते.

म्हणून माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा बदल पडद्यावर दिसतच नाही. तो मुख्य लेखकाचा. पन्नास माणसांची मने ज्याच्या हातात असतात तो माणूस बदलतो, तेव्हा निवेदकाचा आवाज येत नाही. काही आठवड्यांनी एखादी समंजस बाई अकारण मत्सरी वागू लागते आणि आपण नटीला दोष देतो. जेम्स रायली हे याबाबतीत मला गोंधळात टाकणारे लेखक. त्यांनी 1994-95 मध्ये ‘डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’मधल्या मार्लेनाच्या अंगात सैतान आणला. मी वैतागले, पण प्रेक्षक वाढले, हे नाकारण्यात अर्थ नाही. 2003 मध्ये परत आल्यावर त्यांनी गावातली जुनी माणसे एकामागून एक मारली, वयोवृद्ध ॲलिस हॉर्टनला तर तिच्याच डोनटने, आणि नंतर सगळी एका बेटावर जिवंत सापडली. त्या अंत्ययात्रांना मी खरोखर रडले होते. माझे रडणे परत करा, असे कोणाला सांगायचे?

चाहत्यांचे सगळेच बरोबर असते असेही नाही. लेखनाची घसरण म्हणून मांडलेली कितीतरी गाऱ्हाणी मुळात ‘आमच्या जोडीला या आठवड्यात दोनच प्रसंग मिळाले’ एवढीच असतात. शिवाय ‘डेज’चे चित्रीकरण प्रक्षेपणाच्या कित्येक महिने आधी झालेले असते, त्यामुळे आपला संताप पोहोचेपर्यंत ती गोष्ट लेखकांच्या लेखी जुनी झालेली असते.

मूळ प्रश्न नटांचा होता, म्हणून शेवटी रोमनकडे येते. 1997 पासून ती भूमिका जॉश टेलर करीत आले आहेत, ज्यांनी त्याच मालिकेत आधी दुसराच माणूस साकारला होता; मला त्यातही काही वावगे वाटले नाही. ड्रेक होगेस्टिन 28 सप्टेंबर 2024 रोजी गेले आणि वेन नॉर्थ्रप त्याच वर्षी 29 नोव्हेंबरला. 2025 मध्ये कथेतला जॉनही गेला. त्या सुमारास मी 1986 मधले काही जुने भाग पुन्हा पाहिले. एक अनोळखी माणूस समोर उभा आहे आणि हा आपला रोमन असेल का, असे मार्लेना त्याच्याकडे पाहत स्वतःला विचारते आहे. उत्तर मला अनेक वर्षांपासून ठाऊक होते. तरीही, असावा, असे म्हणत मी तिच्याबरोबर पाहत राहिले.